पीए करणाऱ्या नवीन मुलांसाठी: बाकी सगळं शिकाल, फोनवरची ऑर्डर आधी शिका

गोव्यातल्या डिचोली, पेडणे, फोंड्याकडच्या मुलांचे सारखे मेसेज येतात की ताई, पीएला (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली काम करणारा) ॲडमिशन घेतलीय, वॉर्डात नक्की काय काय यायला लागतं. सिलॅबस तुमच्याकडे आहे, तीन वर्षं कॉलेज आणि वर बारा महिने इंटर्नशिप हेही ठाऊक आहे, ते परत लिहीत बसत नाही. वॉर्डात तुमच्याकडून काय धरलं जातं तेवढंच सांगते, आणि त्यातलं एक प्रकरण, डॉक्टरने फोनवरून सांगितलेली औषधाची ऑर्डर घेण्याचं, लांबवणार आहे, कारण माझी अर्धी इंटर्नशिप त्यातच गेली.

पहिलं म्हणजे यूट्यूबवरचे अमेरिकन पीएंचे व्हिडिओ बघून स्वप्नं रंगवू नका. तिकडे १९६५ ला ड्यूक युनिव्हर्सिटीत नेव्हीतून आलेल्या चौघांना घेऊन हा कोर्स सुरू झाला, आज तो मास्टर्सचा आहे आणि तिथले पीए औषधंही लिहून देतात. आपल्याकडे १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हार्ट सर्जन डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरुवात केली, आणि इथला पीए डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करतो, स्वतःहून प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही. आणि इथली डिग्री घेऊन थेट अमेरिकेची पीए परीक्षा देता येत नाही, तिथला मान्यताप्राप्त कोर्सच करावा लागतो. कुठला एजंट उलट सांगत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता कामाचं. हिस्टरी घेणं, तपासणं, राउंडला डॉक्टरांपुढे केस प्रेझेंट करणं, प्रोग्रेस नोट, डिस्चार्ज समरी, ओटीत स्क्रब होऊन असिस्ट करणं, टाके, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) काढणं, बायपासला लावायला पायातली व्हेन म्हणजे शीर काढणं, बीएलएस (हृदय बंद पडलं तर करायचे प्राथमिक उपचार), हँड हायजीनचे पाच मोमेंट्स म्हणजे हात कधी कधी स्वच्छ करायचे ते, कुठला कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत. हे सगळं येतं, घाबरू नका. टाक्यांचा हात बसायला डुकराची कातडी सगळ्यात बरी, गोव्यात ती मिळायला अडचण नाही, फक्त घरच्या फ्रीजमध्ये ठेवण्याआधी आईला विचारा, आमच्याकडे त्यावरून महाभारत झालं होतं. हिस्टरीत आपल्या मुलांना उलट फायदाच आहे, पेशंट कोंकणीत सांगतो, सून मराठीत दुरुस्त करते, शेजारच्या बेडवरचा माणूस हिंदीत मधेच सल्ला देतो, आणि आपल्याला तिन्ही कळतं. बाहेरून आलेला डॉक्टर तुमच्याकडेच बघतो मग.

प्रेझेंट करताना आकडे नुसते वाचू नका. ‘युरिन आउटपुट तासाला २५ मिली’ एवढं म्हणून गप्प राहिलात तर काही उपयोग नाही. साठ किलोचा पेशंट आहे, किलोला तासाला अर्धा मिली या हिशोबाने निदान ३० यायला हवं, कालपासून उतरत चाललंय, हे तुमच्या तोंडून आलं पाहिजे. उपाय डॉक्टर ठरवतील, पण आकडा कमी आहे हे तुम्हाला दिसलं की नाही ते सगळे बघत असतात.

आता ते प्रकरण. रात्रीची ड्युटी, कन्सल्टंट (मोठे डॉक्टर) घरी, रेसिडेंट (ड्युटीवरचा शिकाऊ डॉक्टर) ओटीत अडकलेला, सिस्टर येऊन विचारते, बीपी असं असं आहे, काय देऊ? तुम्ही फोन लावता, सर घाईत दोन वाक्यं बोलतात, आणि शेवटी म्हणतात, तू लिहून ठेव, सकाळी सही करतो. ऐकायला किती साधं आहे ना? पण सकाळी सर दुसऱ्या हॉस्पिटलला असतात, दुपारी विसरतात, दोन दिवसांनी फाइल ऑडिटला जाते आणि ऑर्डर शीटवर तुमचं अक्षर आणि सहीची जागा कोरी. विचारलं की सरांना फोन आठवतच नाही. मी जिथे इंटर्नशिप केली तिथे हे रोजचंच होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आणि ऑडिटनंतर जबाब मात्र माझा घेतला. पेशंटला काहीच झालं नव्हतं, डोसही बरोबर होता. तरी पुढचे कित्येक आठवडे त्या एका कागदापायी मी या ऑफिसातून त्या ऑफिसात.

म्हणून पहिली गोष्ट, फोनवर ऑर्डर घ्यायचा अधिकार तुमच्या हॉस्पिटलच्या पॉलिसीत कुणाला आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. बऱ्याच ठिकाणी तो स्टुडंटला नसतो. नसेल तर फोन सरळ सिस्टरच्या हातात द्या किंवा ड्युटी डॉक्टरला बोलवा, कुणी उद्धट म्हणालं तर म्हणू दे. अधिकार असेल तर ऐकता ऐकताच लिहा, मागाहून आठवून नाही. पेशंटचं पूर्ण नाव आणि नंबर, औषध, डोस, रूट (तोंडाने, शिरेतून की कसं), किती वेळा, कुणी सांगितलं, किती वाजता. मग लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा आणि ‘हो’ ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सेम ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’ असे आकडे सुटे करून म्हणा. इन्सुलिनच्या पुढे युनिट पूर्ण लिहा, नुसता यू लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. दोन मिलिग्रॅमच्या पुढे पॉइंट शून्य लावू नका, पॉइंट पुसट झाला की वीस. पोटॅशियम, हेपारिन, इन्सुलिन फोनवर असेल तर दुसऱ्या माणसालाही ऐकायला लावा. आणि सहीसाठी सकाळची वाट बघायची नाही, ड्युटीवर जो डॉक्टर आहे त्याची तेव्हाच घ्या, आणि तुमच्या पॉलिसीत किती तासांची मुदत आहे ती पाठ ठेवा. व्हॉट्सॲपवर ‘ओके’ आलं म्हणजे ऑर्डर झाली असं समजू नका.

हे वाचून धडकी भरली असेल तर तसं नको. महिन्याभरात हाताला सवय लागते, आणि एकदा तुम्ही परत वाचून दाखवता हे कळलं की कन्सल्टंट स्वतःच नीट बोलायला लागतात, अगदी खडूससुद्धा.

खडूसवरून आठवलं. सगळ्यांना गोड सीनियर हवा असतो. माझं मत विचाराल तर रोटेशनच्या (एका विभागातल्या पाळीच्या) शेवटच्या दिवशी लॉगबुकच्या (केलेल्या कामाच्या नोंदवहीच्या) वीस पानांवर न बघता सह्या ठोकणाऱ्या गोड सीनियरपेक्षा ‘हे तू फक्त बघितलंस, केलं नाहीस’ म्हणून पान परत करणारा बरा. लॉगबुकात बघितलं, असिस्ट केलं, देखरेखीखाली केलं हे वेगळं लिहायचं असतं, आणि इंटरव्ह्यूला बसलेला सर्जन दोन प्रश्नांत ओळखतो की तुम्ही कुठल्या पायरीवर आहात. मागच्या बॅचची डिस्चार्ज समरी कॉपी करून नाव बदलणारेही भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, उजव्या गुडघ्याचा डावा होऊन गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

आणि कागदपत्रं. २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला आहे, त्यात तुमचा पेशा येतो आणि स्टेट कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनची तरतूद आहे. ॲडमिशन घेतानाच युनिव्हर्सिटीची मान्यता बघा, डिग्रीवर फिजिशियन असिस्टंट येणार की असोसिएट तेही विचारून घ्या, आणि लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा फोटो सही झाली त्याच दिवशी काढून ठेवा, आमच्या पावसात बॅगेतला कागद कोरडा राहील याची खात्री कुणी देऊ नये.