उडीआधी पायी फिरा

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झाने इव्हेंटिंगचं, म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो-जंपिंग अशा तिहेरी घोडेस्वारीचं, रौप्य जिंकलं. त्याचे व्हिडिओ बघून आलेल्या पोरांना अलिबागला पाय ठेवल्या ठेवल्या उड्या हव्या असतात. मी त्यांना आधी अडथळे बघत पायी फिरवते. तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

शो-जंपिंगची, म्हणजे मैदानातल्या उड्यांची, दांडी पाय लागला की पडते. क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे रानातल्या पक्क्या अडथळ्यांच्या शर्यतीचा, ओंडका जागचा हलत नाही. पुढचे पाय गुडघ्याच्या वर अडकले की घोडा कोलांटी खाऊन स्वारावरच येऊ शकतो. या खेळातले सर्वांत वाईट अपघात हेच. मोठ्या स्पर्धांत काही अडथळ्यांना ठरावीक जोर बसताच सुटणाऱ्या पिना नाहीतर क्लिपा असतात. सरावाच्या ओंडक्याला त्या नाहीत असंच धरून चाला.

आमच्याकडे ओंडका म्हणजे वादळात पडलेला माड किंवा सुरूचं झाड. माड गोल, घरंगळतो. दोन्हीकडून खुंट ठोकलेत का ते बघा, वर एक सणसणीत लाथ घाला. जरा जरी हलला तरी त्यावर उडी नाही. पुढच्या अंगाला तळाशी एक दांडी टाका, कारण घोडा उडीचा अंदाज तळाच्या रेषेवरून बांधतो. ती रेषा ओंडक्याच्या मागे दिसली तर तो नको इतका जवळ जाऊन उडतो.

मे महिन्यात जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा टणक कातळ, घोड्याचे सांधे खातो, पावसात त्यावरच शेवाळ. दोन्ही वेळी उड्या बंद. उन्हातून थेट वाडीतल्या झाडांच्या सावलीत उतरणारी उडीही नवख्याला नको. उजेडातून अंधारात जाताना घोड्याचे डोळे आपल्यापेक्षा उशिरा सरावतात.

एकदा आदळलेलं हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, बाद. बॉडी प्रोटेक्टर, म्हणजे छाती-पाठीचं कवच, हवाच. एअर व्हेस्ट, म्हणजे पडताना दोरी ओढली गेली की हवेने फुगणारं जाकीट, त्याच्यावर चढवायचं, त्याऐवजी नाही. आणि उतरण्याआधी व्हेस्टची दोरी खोगिरापासून सोडा. विसरलात तर ते फाडकन फुगतं आणि गरीब घोडासुद्धा उधळतो.

एकट्याने कधीच उडी घेऊ नका. खाली उभ्या माणसाला मोबाइलची रेंज कुठे मिळते ते ठाऊक हवं. कुणी पडलं तर घोडा मोतद्दार बघेल. तुम्ही १०८ लावा. पडलेल्याला उठवून बसवू नका, हेल्मेटही ओढून काढू नका.