श्टुटगार्टला सहकुटुंब येताय? आधी घरी राहणाऱ्याचं बघा

दर उन्हाळ्यात ओळखीतून ओळख काढत मला फोन येतात. पिंपरी-चिंचवडहून, चाकणहून, कधी नाशिकहून. नवऱ्याला इथे जर्मनीत गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागलेली असते, ब्लू कार्डाचं, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्याचं, काम होत आलेलं असतं आणि बायको विचारते, "ताई, कुकर आणू का? डाळी किती आणू?" ते सांगतेच. पण त्याआधी दुसरं एक सांगते. पहिल्या वर्षाचा सगळा भार घरी राहणाऱ्या माणसावर पडतो. सामानाच्या यादीआधी त्याचा विचार करा.

आम्ही २०१३ च्या जानेवारीत आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. संध्याकाळी पाचला मिट्ट काळोख, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा. त्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं, त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते माझं.

आधी कागदांचं उरकून घेऊ. घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या ब्युर्गरब्युरोत जाऊन आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद करायची असते. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तो किल्ल्या घेतानाच मागून घ्या. ही नोंद झाल्याशिवाय पुढचं पान हलत नाही. करक्रमांक यथावकाश पोस्टाने घरी येतो. इथे महत्त्वाचं सगळं पोस्टानेच येतं, म्हणून पत्रपेटीवर नाव लावा, आणि घरातल्या सगळ्यांची आडनावं लावा. माझ्या पासपोर्टावर माहेरचं आडनाव होतं आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं. विमा कंपनीचं माझं कार्ड दोनदा परत गेलं. तिसऱ्यांदा पाठवायला सांगताना मला रडू आलं होतं.

मुलांच्या लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. २०२० च्या मार्चपासून किटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, आणि शाळेत गोवराची लस झाल्याचा पुरावा द्यावाच लागतो. आपल्याकडच्या डॉक्टरांचं अक्षर इथे कुणाला लागत नाही, तेव्हा निघण्याआधी तारखा स्वच्छ लिहून, सही-शिक्का घेऊन या. जन्माचा आणि लग्नाचा दाखला मूळ प्रतीतच आणा. भारतातलं लायसन्स इथे स्थायिक झाल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

घर भाड्याने मिळतं ते बहुतेक वेळा अगदी रिकामं. ओटा नाही, सिंक नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर विकायला तयार आहे का, ते घर बघायला जाल तेव्हाच विचारा. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. मूळ भाड्याला काल्टमीटं म्हणतात, म्हणजे थंड भाडं. हीटिंगचा आणि बाकीचा खर्च त्यावर वेगळा.

थंडीत खिडक्या बंद करून फोडण्या दिल्या, आतच कपडे वाळत घातले, की भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग घरमालक आणि तुम्ही यांच्यात वाद. त्यामुळे कितीही थंडी असो, दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, त्या वेळेपुरतं हीटर बंद करायचं.

श्टुटगार्टच्या या श्वाबेन मुलखातली खास गोष्ट म्हणजे केरवोखं. वोखं म्हणजे आठवडा, आणि केरचा अर्थ तुम्हाला सांगायला नको! केरन म्हणजे झाडणं. योगायोग असेल, पण मला तो शब्द ऐकल्याबरोबर आपलासा वाटला. इमारतीतली घरं पाळीपाळीने जिना झाडतात, पुसतात. मोठी पाळी असली तर तळघर आणि समोरचा फुटपाथही. एका सकाळी आमच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकवलेली दिसली. मला वाटलं, कुणाची चुकून राहिली, म्हणून मी ती उचलून खाली पत्रपेट्यांवर ठेवून आले. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी पाटी घेऊन दारात उभ्या. सत्तरीच्या, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी पाटी परत मुठीला अडकवली, माझा झाडू मागून घेतला आणि पहिल्या चार पायऱ्या स्वतः झाडून दाखवल्या. कोपऱ्यातला केर बोटाने ओढून काढला, कठड्यावरून फडकं फिरवलं, मग झाडू माझ्या हातात दिला. रविवारी पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची, तेही खुणांनी सांगितलं. रागावल्या नव्हत्या. तुम्हालाही दाराला पाटी दिसली तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही त्या घरचे झालात, असा तिचा अर्थ.

रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच भरा. रविवारी भिंतीला ड्रिल लावू नका, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत टाकायला जाऊ नका. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये बाटली घातली की परत मिळते.

आता भाषेचं. मी पहिले आठ महिने जर्मन पुढे ढकललं. आधी घर लावू, मग लेकीला किटा मिळू दे, मग दिवाळी होऊ दे. एका शनिवारी दुपारी लेकीला ताप चढला, १०३ च्या वर. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी. डॉक्टरांचे दवाखाने बंद असताना ११६११७ हा नंबर लावायचा (जीवावर बेतलं असेल तर मात्र ११२), हे मला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. लावला. पलीकडची बाई भराभर विचारत होती आणि मला चारचा आकडासुद्धा आठवेना. मी फोन तसाच हातात धरून, लेकीला कडेवर घेऊन जिना चढले. आजींनी फोन घेतला, थर्मामीटर बघितलं आणि पाच मिनिटांत पत्ता लिहून दिला. इथलं थर्मामीटर सेल्सिअसचं असतं हेही त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, माझं फॅरनहाइटचं होतं. सोमवारी मी रोटेब्यूलप्लाट्झला फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्रात, नाव घातलं.

म्हणून कळकळीने सांगते, पहिल्या पगारातून सोफा घेऊ नका, घरी राहणाऱ्याची जर्मनची फी भरा. पॅरिसची सहल वर्षभराने होईल. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येताना भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा आहे. पण मुभा असून उपयोग काय, मुलाखतीत बोलता आलं पाहिजे ना! मुलं लहान असतील तर नवऱ्याने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ऑफिसातून वेळेवर यायचं. इथे वेळेवर घरी निघाल्याचं कुणी वाईट मानत नाही. आणि ब्लू कार्डवाल्याने जर्मनची बी-वन, म्हणजे मधली पातळी गाठली तर कायम वास्तव्याचा अर्ज २१ महिन्यांत करता येतो, ए-वनवर, म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर, २७ महिन्यांत. तेव्हा त्यालाही या वर्गाला बसवा.

मूल एक वर्षाचं झालं की किटाच्या जागेवर त्याचा कायद्याने हक्क आहे, पण जागा कमी आणि वाट पाहणारे फार. पत्त्याची नोंद झाल्याच्या दिवशीच अर्ज करा आणि महिन्याला एकदा फोन करून विचारत राहा. शाळेच्या वयाच्या मुलांना जर्मन येत नसेल तर तयारीचे वेगळे वर्ग असतात. पहिले दोन-तीन महिने मूल वर्गात एक शब्दही बोलणार नाही, घाबरू नका, ते ऐकून साठवत असतं. आमची लेक तीन महिने मुकी होती आणि मग एका दिवशी बसमध्ये माझं व्याकरण सुधारायला लागली. घरी मात्र मराठीच बोला. मोडक्या जर्मनमध्ये मुलांशी बोलू नका. आमच्या बालरोगतज्ज्ञांनीही तेच बजावलं होतं: तुमची भाषा तुम्ही द्या, जर्मन आम्ही देतो.

तर कुकर. आणा, पण इंडक्शनवर चालेल अशा बुडाचा, आणि दोन रिंगा जादा. डाळी इथे मिळतात, भारतीय दुकानात पीठही मिळतं. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ आणा. तूप, पेढे, खवा आणू नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. आंब्याचंही तेच. नारळ मात्र चालतो. तूप घरी कढवा, इथलं बिनमिठाचं लोणी उत्तम आहे. चक्क्यासाठी क्वार्क घ्या, पाकिटावर ४० टक्के लिहिलेलं. रात्रभर पंच्यात टांगून ठेवायचं, सकाळी साखर, वेलची, केशर. पाडव्याला मी दोन वाट्या जास्त करते, एक वरच्या मजल्यावर जाते.