लाल बटण दाबून पाहावे, मात्र त्याच्या भरवशावर पॅनल उघडू नये
वाळूज किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान वर्कशॉपमध्ये लेथ चालू असताना वीज जाणे नवे नाही; खरा धोका असतो तो ती परत येण्याच्या क्षणी. मशीन साध्या रोटरी स्विचवर असेल, तर चकजवळ, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ, हात असतानाच ते फिरू लागते. म्हणून वीज आल्यावरही हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर सुरू न होऊ देणारा, नो-व्होल्ट संरक्षणाचा स्टार्टर बसवावा.

इमर्जन्सी स्टॉपच्या लाल बटणाची जोडणी ‘एनसी’ (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेल्या आणि बटण दाबल्यावर तुटणाऱ्या) संपर्कातूनच असावी, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. दर आठवड्याला मशीन रिकामे चालवून हे बटण दाबून पाहावे. ते फिरवून मोकळे करताच मशीन आपोआप सुरू झाले, तर जोडणी सदोष आहे आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्यावर काम करू नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. हे बटण बहुधा केवळ कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सोडवते. पॅनलच्या येणाऱ्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट तसेच असतात. त्यामुळे बेल्ट बदलण्यापूर्वीसुद्धा मेन आयसोलेटर (मशीनची सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्याच खिशात ठेवावी.