गणपतीआधी करायची मोजणीची तयारी

यंदाची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला आहे. उकडीचे मोदक, गौरीचा फुलोरा, प्राणप्रतिष्ठेचा विधी, मखराची सजावट यांवर ज्यांनी ऑनलाइन लिहून ठेवलंय, त्यांच्याकडे गूगलवरून या दिवसांत वाचकांची रीघ लागते. ते कोणता शब्द शोधत आले आणि कोणत्या लेखावर पोचले, हे पाहण्याची व्यवस्था मात्र आषाढातच लावून ठेवायला हवी.

स्वतःची साइट असेल तर गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलवरून आलेले शोध आणि वाचक दाखवणाऱ्या गूगलच्या मोफत साधनात, ती आजच जोडा. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आपलं असेल तर डोमेन प्रॉपर्टी (संपूर्ण डोमेनची एकच नोंद) घ्या, कारण तिच्यात सगळी उपडोमेन एकत्र मोजली जातात. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक सेटिंगमध्ये, एक नोंद टाकावी लागते. ब्लॉगस्पॉटसारख्या मोफत जागेवर असाल तर यूआरएल-प्रीफिक्स प्रॉपर्टी (फक्त त्या एका पत्त्याची नोंद) पुरते. दुसऱ्याच्या पोर्टलसाठी लिहीत असाल तर संपादकांकडे मर्यादित वापरकर्ता म्हणून प्रवेश मागा. त्यातून बहुतेक आकडे दिसतात आणि साइटच्या मालकीला धक्का लागत नाही. तेही नको म्हणाले तर निदान तुमच्या लेखांपुरती निर्यात मागून घ्या. पुढच्या कामाचा मोबदला ठरवताना लेखकाच्या हातात हा पुरावा असलाच पाहिजे. आपल्या प्रत्येक लेखाचा पत्ता, शीर्षक आणि प्रसिद्धीची तारीख एका शीटमध्ये ठेवा आणि पानाची प्रत वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहावर जतन करा. पोर्टलं बंद पडतात, पानं काढली जातात.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं. म्हणजे २०२५ चा गणेशोत्सव अजून दिसतो, पण २०२४ चा पुसला गेलाय. ते या वर्षी उतरवून ठेवलं नाही तर पुढच्या वर्षी २०२५ सुद्धा हाती राहणार नाही. म्हणून गेल्या उत्सवाचे आकडे आत्ताच निर्यात करा. निर्यातीत एका वेळी १,००० ओळीच मिळतात, तेव्हा सगळी साइट एकदम न उतरवता एकेका लेखाचं फिल्टर लावून शोधशब्द काढा.

तुलना तारखेला तारीख लावून करू नका. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरवर गेली. 'गेल्या वर्षीच्या याच काळाशी तुलना' हा तयार पर्याय निवडलात तर ऑगस्टअखेर लेख कोसळल्यासारखा दिसेल आणि सप्टेंबरच्या मध्यावर उसळल्यासारखा. दोन्ही खोटं. शीटमध्ये तारखेशेजारी 'चतुर्थीआधी किती दिवस' असा रकाना करा आणि त्यावरून वर्षं जुळवा. एकादशीचे उपवासाचे पदार्थ, दिवाळीचा फराळ यांनाही हेच लागू आहे. संक्रांतीला मात्र तारखेवर विसंबता येतं.

यंदाच्या तुलनेत आणखी एक अडचण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली आणि अनेक साइटांची इम्प्रेशन्स, म्हणजे लेख निकालांत किती वेळा दिसला तो आकडा, एकाएकी खाली आली. निकालांतला क्रमांक तपासणारे प्रोग्राम निकालांची खोलवरची पानं उघडत, त्यांचीही मोजणी त्या आकड्यात होत होती. गेल्या वर्षीचा गणेशोत्सव या बदलाच्या ऐन आधी झाला, यंदाचा नंतर येतोय. त्यामुळे इम्प्रेशन्स कमी दिसली म्हणून लगेच हाय खाऊ नका. माझ्या मते या वर्षी एकाच आकड्यावर भरवसा ठेवायचा तर तो क्लिकवर ठेवावा.

शोधशब्दांची यादी तयार करताना मराठी माणूस फोनवर खरोखर काय टाइप करतो ते आठवा. कुणी देवनागरीत लिहितो, कुणी रोमन अक्षरांत, कुणी बोलून शोधतो. ऱ्हस्व-दीर्घाचे फरक असतात, 'रेसिपी', 'कृती' आणि 'कसे करायचे' हे तिन्ही चालतात. सर्च कन्सोलच्या रेजेक्स फिल्टरने (अक्षरांचा नमुना देऊन गाळणारी सोय) रोमन अक्षरांतले शोध वेगळे काढता येतात. ते एकदा काढून पाहाच, आपला वाचक कसा विचारतो ते त्यात स्पष्ट दिसतं. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणासाठी लपवतं, त्यामुळे ओळींची बेरीज आणि वरची एकूण संख्या जुळणार नाही. मराठीत एकच गोष्ट विचारण्याच्या तऱ्हा इतक्या आहेत की ही तफावत मोठी असू शकते. देशानुसार फिल्टर आहे, तेव्हा अमेरिका, ब्रिटनमधल्या मराठी घरांतून येणारे वाचक वेगळे पाहता येतात. पुणे आणि नागपूर वेगळं करता येत नाही.

लेखांचे पत्ते तपासा. वर्डप्रेस पत्त्याचा शेवटचा भाग २०० जागांवर कापतं आणि एन्कोड झाल्यावर, म्हणजे टक्क्यांच्या चिन्हांच्या संकेतात बदलल्यावर, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ९ जागा घेतं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'घरच्या घरी उकडीचे मोदक कसे करावेत' या शीर्षकाचा पत्ता 'करावेत'पर्यंत पोचतच नाही. एकसारख्या सुरुवातीचे दोन लेख असले की दुसऱ्याच्या शेवटी नुसता २ चिकटतो, आणि निर्यात केलेल्या शीटमध्ये टक्क्यांच्या चिन्हांच्या त्या माळांतून कोणता लेख कोणता ते ओळखू येत नाही. नव्या लेखाचा पत्ता हाताने आखूड करा. जुन्याचा बदलू नका, शीटमध्ये फक्त शेजारी शीर्षक लिहा. दर वर्षी त्याच विषयावर साल घालून नवा लेख काढण्यापेक्षा आहे त्याच पत्त्यावरचा मजकूर सुधारावा. तसं केलं तर मोजणीही सलग राहते.

ऑगस्टमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या लेखाचा पत्ता सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत घालून तो इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या नोंदीत, आहे ना, एवढं पाहा. सुधारणा केल्याची तारीख वहीत लिहा. गूगलचा एखादा कोअर अपडेट (निकालांचा क्रम ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) सुरू झाला तर तीही तारीख तिथेच हवी. मार्च २०२४ चा अपडेट ५ मार्चपासून १९ एप्रिलपर्यंत चालला होता. असा काळ मध्ये आला तर बदल आपल्या सुधारणेने झाला की त्याने, हे सांगणं कठीण होतं.

प्रत्यक्ष उत्सवात स्वतःच्या फोनवर शोधून आपला क्रमांक ठरवू नका, तो जागा आणि सवयींप्रमाणे बदलतो. सरासरी क्रमांकही शोधशब्दागणिक वाचा. लेख नव्याने 'मोदक' या मोठ्या शब्दासाठी चाळिसाव्या जागी दिसू लागला की सरासरी घसरते, आणि 'मोदकाची पारी फाटू नये म्हणून' यासाठी तो दुसराच राहिलेला असतो. रोजच्या आलेखातली तारीख कॅलिफोर्नियाच्या वेळेने धरलेली असते. चतुर्थीच्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत आपल्याकडे झालेला शोध १३ सप्टेंबरच्या खात्यात जाईल. नैवेद्याच्या आधीची सगळी घाई त्यातच आली, म्हणून १३ आणि १४ एकत्र वाचा.

अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. पक्के आकडे यायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा महिनाअखेरीस एकदा बसून लेखागणिक निर्यात करा, फाइलच्या नावात साल आणि सण घाला आणि एक प्रत ड्राइव्हवर, एक स्वतःच्या संगणकावर ठेवा. पितृपक्ष सुरू झालेला असेल, पण नवरात्राच्या लेखांची हीच तपासणी तेव्हाच हाती घ्या. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे.