सभेआधी बँकेचा करपूर्व नफा तपासताना

सांगली-साताऱ्याकडच्या नागरी सहकारी बँकांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, आणि अहवाल हातात पडतो तो जेमतेम पंधरवडाभर आधी. यंदाच्या अहवालासोबत मागच्या दोन वर्षांचेही काढून ठेवा. अध्यक्षांचे मनोगत आणि सत्काराचे फोटो सोडून थेट नफा-तोटा पत्रक उघडा.

कर्ज आणि गुंतवणुकीवर मिळालेल्या व्याजातून ठेवींवर दिलेले व्याज वजा करा. त्यात कमिशन व इतर उत्पन्न मिळवा, पगार, भाडे, वीज, घसारा काढा. उरतो तो ढोबळ नफा. त्यातून तरतुदी (बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी बाजूला काढलेली रक्कम) गेल्या की करपूर्व नफा. हे दोन आकडे तिन्ही वर्षांसाठी शेजारी-शेजारी लिहिणे, हेच खरे काम. समजा, गेल्या वर्षी ढोबळ नफा 9 कोटी आणि तरतूद 4 कोटी, यंदा ढोबळ 7.5 कोटी आणि तरतूद 2 कोटी. करपूर्व नफा 5 वरून 5.5 कोटी झाला, सभेत टाळ्या पडतील. पण धंद्यातली कमाई दीड कोटीने घटली आहे.

मग तरतूद का घटली ते पाहा. हप्ता किंवा व्याज 90 दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक कर्ज (शेतीकर्जाला पीक-हंगामाचा वेगळा नियम). पहिल्या टप्प्यात साधारण 10 टक्के तरतूद. खाते संशयित (वसुलीची खात्री न उरलेले) झाले की तारण असलेल्या भागावर मुदतीप्रमाणे 20, 30 आणि शेवटी 100 टक्के, आणि तारणाबाहेरच्या भागावर लगेच 100 टक्के. इथेच आपल्याकडची मेख आहे. तासगावच्या बेदाण्यावर किंवा सांगलीच्या हळदीवर दिलेल्या माल तारण कर्जात भाव पडले की तारण आकसते आणि उघडा पडलेला भाग पुरताच नफ्यातून जातो. म्हणून तारणाचे मूल्यांकन कोणत्या तारखेचे, हे विचाराच.

2023-24 आणि 2024-25 ची तुलना जपून करा. पूर्वी काही बँका बुडीत कर्जाची तरतूद निव्वळ नफ्याच्या वाटणीतून करत. 2024-25 पासून रिझर्व्ह बँकेने ती खर्चातच टाकायला लावली. अशा बँकेचा करपूर्व नफा घसरलेला दिसला तर लगेच घाबरू नका, आधी जुन्या वर्षाची वाटणी तपासा.

‘इतर उत्पन्न’ फोडून मागा. सरकारी रोखे विकून झालेला नफा, ताब्यातल्या मालमत्तेची विक्री, परत फिरवलेली जुनी तरतूद: यातले काहीच दरवर्षी येत नाही. (व्याजदर उतरले की रोख्यांचे भाव चढतात, त्यात व्यवस्थापनाची करामत थोडीच.) एनपीए खात्यावरचे न मिळालेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही; ताळेबंदात ते येणे बाजूला आणि थकीत व्याज तरतुदीत सारखेच दिसायला हवे.

कराचे गणित सोपे. पतसंस्थांना मिळणारी आयकराच्या कलम 80पी ची वजावट सहकारी बँकांना 2006-07 पासून नाही. सवलतीचा 22 टक्के दर घेतला तर अधिभार व उपकरासह 25.168 टक्के. कर फारच कमी दिसला तर मागचा संचित तोटा किंवा डिफर्ड टॅक्स (पुढच्या-मागच्या वर्षांत ढकललेला कर) शोधा.

शेवटी लेखापरीक्षकांचे शेरे. ‘तरतूद कमी केली’ असा आकडा तिथे असेल तर करपूर्व नफ्यातून तो स्वतः वजा करा, आणि उरलेल्या आकड्यावर प्रश्न लेखी पाठवा. मुदत नोटिशीत असते. ती चुकली की उत्तर ‘नंतर भेटा’ एवढेच.