हातशिलाईचं कार्ड पाकीट: चामड्याच्या कामाची पहिली वस्तू

चामड्यात एकदा पडलेलं भोक बुजत नाही. कापडाची चुकलेली शिवण उसवता येते. चामड्याची उसवली तरी भोकांची रांग तशीच दिसत राहते. म्हणून या कामात सुई हातात येण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं. आखणी, कापणी, चिकटवणं आणि कडा एका रेषेत आणणं नीट जमलं, तर शिवण त्या मानाने सोपी आहे.

पहिलीच वस्तू म्हणून पिशवी घेऊ नका. तीन तुकड्यांचं, दोन कप्प्यांचं कार्ड पाकीट घ्या: एक मधला तुकडा आणि त्याच्या पुढे-मागे एकेक कप्पा. पिशवीला लागणारं जवळजवळ सगळं हस्तकौशल्य त्यात आहे, आणि बिघडलं तर चामडं थोडंच वाया जातं.

चामड्याची निवड

वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन चामडं घ्या. ते ताठ असतं, ओलं केलं की आकार धरतं आणि त्याची कापलेली कड घासून गुळगुळीत, चकचकीत होते. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं, मऊ आणि लवचीक असतं. त्याची कड घासून बसत नाही, तिला रंग लावावा लागतो किंवा ती दुमडून शिवावी लागते. नवशिक्यांच्या कडा खराब होण्यामागे पुष्कळदा हात नव्हे, चुकीचं चामडं असतं. वर लेप किंवा रंग न दिलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला, तर तो मुरतो आणि तिथे चामडं गडद होतं.

जाडी १ ते १.२ मिमी हवी. दुकानात जाडी औंसात सांगितली, तर एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी, आपल्याला अडीच ते तीन औंस लागेल. पाठीकडचा भाग घ्या. पोटाकडचं चामडं ताणलं जातं, आणि त्याचे कप्पे काही महिन्यांत सैल पडतात.

अवजारं

धारदार कटर आणि जास्तीची पाती, पोलादी पट्टी, कटिंग मॅट. शिवणीची रेघ आखायला टोकदार पायांचा कंपास. भोकं पाडायला ४ मिमी अंतराच्या दातांची छिन्नी, एक चार दातांची आणि कोपऱ्यांसाठी एक दोन दातांची. तिच्यावर मारायला लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा. लोखंडी हातोडीने छिन्नीचं डोकं फाकतं. शिवाय आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, ०.६ मिमी जाडीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, कॉन्टॅक्ट सिमेंट प्रकारचा गोंद, कड गोलसर करणारा बेव्हलर, २४०, ४०० आणि ६०० नंबरचा काचकागद, कड घासायला खाचा पाडलेला गुळगुळीत लाकडी दांडा. सुया बोथट का? भोक छिन्नीने आधीच पाडलेलं असतं. टोकदार सुई त्यातून जाताना पहिल्या दोऱ्यालाच भोसकते.

फर्मा आणि कापणी

बँकेचं कार्ड ८५.६ मिमी रुंद आणि जवळपास ५४ मिमी उंच असतं. तयार पाकिटाची रुंदी १०० मिमी धरा. दोन्ही बाजूंना कडेपासून ३.५ मिमीवर शिवण आली की आत ९३ मिमी उरतात, म्हणजे कार्डाला सात मिमीहून थोडी जास्त मोकळीक. यापेक्षा कमी ठेवली तर एक कार्ड जातं, दुसरं अडतं.

तुकडे मात्र थोडे मोठे कापायचे: मधला १०२ × ६७ मिमी, दोन्ही कप्पे १०२ × ४७ मिमी. दोन्ही बाजूंचा आणि तळाचा एकेक मिमी नंतर छाटला जाईल. फर्मा जाड पुठ्ठ्याचा करा आणि आरीच्या टोकाने चामड्यावर हलकी रेघ ओढा. पेनाची शाई निघत नाही.

एका दमात आरपार कापायला जाऊ नका. दोन-तीन हलके हात द्या. पट्टी नेहमी कामाच्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे पातं घसरलं तर ते वाया जाणाऱ्या बाजूला जाईल. पट्टी धरलेल्या हाताची बोटं तिच्या कडेपासून आत हवीत. पातं तिरपं धरलं तर कडही तिरपी निघते, आणि ती सरळ करताना माप घटतं.

जोडण्याआधी उरकायची कामं

कप्प्यांच्या वरच्या कडा आणि मधल्या तुकड्याची वरची कड आत्ताच पूर्ण करा. कप्पा एकदा चिकटला की त्याच्या तोंडाच्या आतल्या बाजूला बेव्हलर पोचत नाही. ही पायरी विसरल्याचं पाकिटावर कायम दिसतं. खालची बाजूही, म्हणजे चामड्याचा खरखरीत भाग, पाण्याने किंचित ओलसर करून किंवा ट्रॅगाकँथ डिंकाचा पातळ हात देऊन दांड्याने घोटून घ्या. त्याने धागे बसतात आणि कार्ड सहज सरकतं. गोंद लागणार तो कडेचा पट्टा तेवढा सोडा.

मधल्या तुकड्याच्या गुळगुळीत बाजूवर गोंद नीट धरत नाही. जिथे कप्पा बसणार आहे तिथे बाजूंना आणि तळाला ४ मिमीचा पट्टा २४० च्या काचकागदाने खरवडा. कप्प्याच्या वर, उघड्या राहणाऱ्या भागावर काचकागद जाऊ देऊ नका.

चिकटवणं

दोन्ही पृष्ठभागांना गोंदाचा पातळ थर द्या, ४ मिमीपेक्षा रुंद नको. छाटल्यावर त्याचा ३ मिमी उरेल आणि तो शिवणीच्या बाहेरच राहील. रुंद लावला तर कप्पा आतून चिकटतो आणि कार्ड तळापर्यंत जात नाही. थर बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, गोंदानुसार पाच ते दहा मिनिटं. मगच तुकडे जोडून दाबा. ओल्या गोंदावर घाईने दाबलेला जोड पुढे कड घासताना उघडतो. आणि एकदा टेकलं की सरकवता येत नाही, तेव्हा आधी तळाचे कोपरे जुळवा. खिडकी उघडी ठेवून हे काम करा. या गोंदाची वाफ श्वासात जाणं चांगलं नाही.

तासाभराने दोन्ही बाजू आणि तळ नव्या पात्याने एकत्रच छाटा, मग काचकागद ठोकळ्याला गुंडाळून कड सपाट करा. तिन्ही थर हाताला एकच वाटले पाहिजेत. शिवणीची रेघ याच कडेवरून आखली जाते, म्हणून कड वाकडी तर शिवणही वाकडी.

भोकं

कंपासाचे पाय ३.५ मिमीवर ठेवून तिन्ही कडांना रेघ ओढा. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत रेघा जिथे छेदतात तिथे आरीने खूण करा. त्यांच्यामधलं अंतर ९३ मिमी, म्हणजे ४ मिमीच्या २३ घरांना (घर म्हणजे दोन भोकांमधलं अंतर) एक मिमी जास्त. आधी भोकं पाडू नका. छिन्नी नुसती दाबून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठसे उमटवा आणि तो एक मिमी शेवटच्या सहा-सात घरांत वाटून टाका. डोळ्याला ते कळत नाही. तो सगळा शेवटच्या घरात सोडला, तर तेवढा एकच टाका लांब पडतो आणि नजर तिथेच जाते.

बाजूंवर कोपऱ्यापासून वर ११ घरं येतात. शेवटचं भोक कप्प्याच्या तोंडाच्या दीड मिमी वर, मधल्या तुकड्यावर पडतं, आणि ते तसंच पडायला हवं. तिथला टाका कप्प्याच्या कडेवरून जातो आणि कार्ड ओढताना येणारा ताण झेलतो.

भोकं पाडताना छिन्नीचा पहिला दात मागच्या शेवटच्या भोकात ठेवा आणि छिन्नी अगदी उभी धरा. ती झुकली तर समोरची रांग सरळ आणि मागची नागमोडी दिसते. खाली चामड्याचा जाड तुकडा घ्या, दात बोथट होणार नाहीत.

शिवण

टाका सॅडल स्टिचचा: एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई, आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोरून जातात. मशीनच्या टाक्यात एक धागा तुटला की शिवण उसवत जाते. इथे एक टाका तुटला तरी दुसरा फेरा जोड धरून ठेवतो.

शिवण १८ सेंमीच्या आसपास आहे. तिच्या चौपट ७२, वर हातात धरायला ६० सेंमी, म्हणजे १.३ मीटर दोरा पुरतो. दोरा सुईत ओवून टोकापासून चार-पाच सेंमीवर सुईने त्यालाच दोन-तीनदा भोसका आणि वेढे सुईच्या डोळ्यावरून ओढून घ्या; मग तो सुटत नाही.

वरून तिसऱ्या भोकात सुरुवात करा, दोन टाके वर जा आणि तिथून खाली वळा. कप्प्याच्या तोंडाशी आपोआप दुहेरी टाका पडतो. प्रत्येक भोकात आधी डावी सुई घाला. आलेला दोरा जरा मागे ओढून धरा, मग त्याच भोकातून उजवी सुई काढा. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या वरून गेली की खालून, हे महत्त्वाचं नाही. प्रत्येक टाक्यात तीच बाजू हवी. टाक्यांचा एकसारखा तिरपेपणा त्यातूनच येतो. घट्ट करण्याआधी दोरा मागे-पुढे सरकतो का पाहा. अडला तर सुई दोऱ्यातून गेली आहे, लगेच उलटी काढा.

दोन्ही हातांनी सारखं ओढा, टाका चामड्यात किंचित रुतेपर्यंत. त्याहून जास्त ओढलं तर कड लाटांसारखी आक्रसते. शेवटी तीन टाके उलटे जाऊन दोन्ही टोकं मागच्या बाजूला काढा, २ मिमी ठेवून कापा आणि लायटरची ज्योत क्षणभर जवळ नेऊन वितळलेलं टोक दाबा. हे पॉलिस्टरलाच चालतं. लिननचा दोरा जळतो, त्याच्या टोकाला भोकात गोंदाचा थेंब द्या.

कडा

दोन्ही अंगांनी बेव्हलर फिरवा, मग ४०० आणि ६०० चा काचकागद. बोटाने कडेला पाणी लावा, फक्त ओलसर होईल इतकं, आणि दांड्याने हलक्या हाताने भरभर घासा, कड गरम होऊन चकाकेपर्यंत. पाणी जास्त झालं किंवा जोर लावला तर कड छत्रीसारखी बाहेर फाकते. तसं झालं तर पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा ६०० पासून सुरू करा. थर वेगळे दिसत असतील, तर घोटून ते लपत नाहीत, काचकागदाकडेच परत जावं लागतं. शेवटी मधमाशांच्या मेणाचा हात देऊन कापडाने पुसा. चामड्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब पडला तर फक्त तो डाग पुसू नका; ओल्या स्पंजाने ती पूर्ण बाजू एकसारखी ओलसर करून वाळवा, डागाची कड राहत नाही.

कप्पे सुरुवातीला घट्ट वाटतील. प्रत्येकात दोन कार्डं घालून दिवसभर ठेवा.

पिशवीकडे वळताना चामडं २ ते २.५ मिमीचं, दोरा ०.८ ते १ मिमीचा आणि टाक्याचं अंतर साधारण ५ मिमी घ्या. जिथे घडी पडते किंवा तीन-चार थर एकत्र येतात, तिथे चामडं आतल्या बाजूने तासून निम्म्यावर आणा, नाहीतर कोपरे फुगतात आणि छिन्नी आरपार जात नाही. जाड चामड्याला दोरा चौपटीपेक्षा जास्त लागतो, कारण प्रत्येक टाक्यात तो जाडीतूनही जातो, पाच-सहापट घ्या. पट्टा लावण्याची जागा पिशवीच्या अंगाला नुसती शिवू नका. आतून चामड्याचा एक तुकडा लावून त्यासकट शिवा, कारण वजनाने टाक्याआधी चामडंच फाटतं.