वनलायनरची वही करताय? मग 'पहिला' या शब्दापासून जपा

अभ्यासिकेत जागा मिळाली की पुढचं काम ठरलेलं असतं. टेलिग्रामवरचे आठ-दहा चॅनेल जॉइन करायचे आणि चहा घेता घेता 'आजचा दिनविशेष', 'आजचा वाक्प्रचार', 'रोजचे दहा प्रश्न' वाचत बसायचं. वाचा, आणि त्यातल्या एका ओळीत बसणाऱ्या माहितीची, म्हणजे वनलायनरची, वहीही करा, हरकत नाही. एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेला 60 मिनिटांत 100 प्रश्न सोडवायचे असतात, तिथे झटकन आठवणारी माहिती लागतेच.

माझं घोडं अडलं ते 'पहिला' आणि 'पहिली' पाशी. यावर जरा लांबण लावणार आहे, ऐकून घ्या.

माहिती एका ओळीत बसवायची म्हटलं की सगळ्यात आधी अट गळते. कसली पहिली, कुठे पहिली, कशात पहिली, हे उडतं आणि नाव तेवढं उरतं. परीक्षेत प्रश्न नेमका त्या गळालेल्या अटीवर येतो. 'पहिल्या महिला डॉक्टर : आनंदीबाई जोशी' ही ओळ प्रत्येकाच्या वहीत असते. आनंदीबाईंना 1886 साली पेनसिल्व्हेनियात एम.डी. मिळाली हे खरं. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली होती. पण रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये त्या गेल्या. म्हणजे 'पदवी' ऐवजी 'प्रत्यक्ष व्यवसाय' एवढा एक शब्द विधानात बदलला की तुमची पाठ ओळ तुम्हालाच खड्ड्यात घालते. तिथे प्रत्यक्ष डॉक्टरकी केलेल्या कादंबिनी गांगुली येतात, रखमाबाई येतात. आणि उत्तर पाठ आहे या खात्रीनं आपण गोल रंगवतो, चुकतो आणि वर चुकीच्या उत्तराचा पाव गुण कापून घेतो. येत नसलेला प्रश्न निदान सोडून तरी देता येतो!

दुसरं उदाहरण अलीकडचं. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत 98वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष तारा भवाळकर. एवढीच ओळ वाचून अनेकांनी मनातच 'दिल्लीतलं पहिलं' जोडून टाकलं. दिल्लीत 1954 साली संमेलन झालंय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. तसंच 27 फेब्रुवारीचं. कुसुमाग्रजांची जयंती म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन 1 मे. दरवर्षी निम्मे फॉरवर्ड या दोन्हींची खिचडी करून येतात.

मग करायचं काय? रोज पन्नास ओळी गिळण्यापेक्षा एक ओळ घ्या आणि तिचे नातेवाईक शोधा. दादोबा पांडुरंग तर्खडकर घ्या. मराठी व्याकरणात भेटतात, 1836 चं व्याकरण, बहुतेकांचं गाडं इथेच थांबतं. हेच दादोबा समाजसुधारणेच्या कामातही भेटतात, 1844 साली सुरतेच्या मानवधर्म सभेत आहेत आणि 1849 साली मुंबईच्या परमहंस सभेत. त्यांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग, 1867 च्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. हे डॉक्टर आत्माराम 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही सापडतात. त्या संस्थापकांतले दुसरे भारतीय डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाई नांदायला गेल्या नाहीत म्हणून नवऱ्यानं दावा लावला. 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत काम केलं. त्या खटल्यानं पेटलेल्या वादानंतर 1891 चा संमतिवयाचा कायदा आला, शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं किमान वय दहावरून बारा. व्याकरणाच्या एका नावावरून पर्यावरणाची संस्था आणि कायदा दोन्ही हाताला लागले, आणि एवढं एकदा वाचलं की सनावळ्या घोकाव्या लागत नाहीत.

पाठांतरासाठी 'कोड' आणि 'ट्रिक' विकणाऱ्या सरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. नुसता क्रम लावायचा असेल तिथे ट्रिक चालते, हे मान्य. प्रार्थना समाज 1867, पुणे सार्वजनिक सभा 1870, सत्यशोधक समाज 1873, आर्य समाज 1875, लावा हवा तो कोड. पण दोन-तीन विधानं देऊन त्यातलं बरोबर कोणतं असं विचारणाऱ्या प्रश्नात कोड काय करणार? पैसे देऊन घेतलेल्या 'टॉपरच्या नोट्स' तर मला त्याहून भंपक वाटतात. टॉपरनं त्या लिहिताना जे वाचलं, ते त्या पीडीएफमध्ये येत नाही. त्यापेक्षा स्टेट बोर्डाची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका अंतिम उत्तरतालिकेसह ठेवा. पहिल्या उत्तरतालिकेवर विसंबू नका, हरकतींनंतर उत्तरं बदलतात, प्रश्न रद्दही होतात.

हे वाचून वही फेकू नका. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, आणि रोज अर्धा तास दिला तर गाडी रुळावर येते. ओळ डाव्या पानावर लिहा, उजवं पान तिच्या अटीसाठी आणि नातेवाइकांसाठी मोकळं ठेवा. रविवारी रिव्हिजनला बसाल तेव्हा ज्या ओळीसमोर काहीच लिहिलेलं नाही, ती बिनधास्त खोडा.